अदृश्य संपादक : बायबलच्या संगणकीय संहितांविषयी

१

नव्या कराराचे अखेरचे पुस्तक ‘प्रकटीकरण’ संपता संपता त्याचा कर्ता वाचकाला एक कठोर ताकीद देतो (२२ : १८-१९). या ग्रंथात कोणी भर घातली तर ग्रंथात वर्णिलेली अरिष्टे त्याच्यावर कोसळतील, आणि कोणी त्यातून काही काढून टाकले तर जीवनवृक्षातील त्याचा वाटा हिरावून घेतला जाईल, असा तिचा आशय आहे. संहितेच्या शुद्धतेविषयी इतकी तीव्र जाणीव प्राचीन ग्रंथांत क्वचितच आढळते. मराठी वाचकाला या ठिकाणी एकनाथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पूर्ण केल्यावर, तिच्यात स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्याला एकनाथांनीही दोष दिला आहे. तेथे शाप नाही, सौम्य उपहास आहे. परंतु भय दोन्हीकडे एकच आहे. ग्रंथ हातोहात उतरला जाणार, आणि उतरणाऱ्याचा हात काही ना काही करणार, हे दोघांनाही ठाऊक आहे.

प्रकटीकरणातील ताकीद निष्फळ ठरली, एवढेच नव्हे तर बदल तिच्याच वाक्यात शिरला. १५१६ मध्ये बाझल येथे इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. प्रकटीकरणाची जी ग्रीक पोथी त्याला मिळाली होती, तिचे शेवटचे पान गहाळ होते. तेवढ्या ओळी त्याने लॅटिन भाषांतरावरून पुन्हा ग्रीकमध्ये रचल्या. लॅटिन परंपरेत ‘लिग्नो’ (वृक्ष) या शब्दाच्या जागी ‘लिब्रो’ (ग्रंथ) असा पाठ रूढ झाला होता. त्यामुळे जीवनवृक्षाचा जीवनग्रंथ झाला आणि या मार्गाने तो १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात पोचला. हे भाषांतर आज जगाच्या बहुतेक भागांत स्वामित्वहक्कापासून मुक्त असल्याने महाजालावर ते विपुल प्रमाणात आढळते. तेथे ‘जीवनग्रंथ’ हा शब्द वाचकासमोर कोणत्याही खुणेविना उभा राहतो. बाझलचा मुद्रक, गहाळ पान, लॅटिनमधील एका शब्दाची गफलत यांपैकी काहीही पडद्यावर दिसत नाही.

बायबल आणि आद्य ख्रिस्ती वाङ्मय यांच्या अभ्यासासाठी गेल्या तीन दशकांत निर्माण झालेल्या संगणकीय साधनांचे मूल्यमापन करताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरते. या साधनांविषयी साधारणतः दोन प्रकारची मते व्यक्त होतात. एका मतानुसार त्यांनी ग्रंथालयांच्या भिंती पाडल्या. दुसऱ्या मतानुसार त्यांनी अभ्यासाची शिस्त बिघडवली. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि दोन्ही मते प्रश्नाच्या गाभ्याला स्पर्श करीत नाहीत. खरा प्रश्न संपादकाचा आहे. प्रत्येक संहितेमागे निवड करणारा कोणीतरी असतो. संगणकीय माध्यमात ही निवड पूर्वी कधी नव्हती इतकी उघड करता येते, आणि पूर्वी कधी नव्हती इतकी झाकताही येते. एकाच माध्यमाच्या या दोन शक्यता परस्परविरोधी दिशांनी कशा प्रकट झाल्या आहेत, हे काही उदाहरणांच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

संहितेविषयीच्या आधुनिक विचारात दोन प्रवृत्ती स्पष्ट दिसतात. पहिलीचे नाते कार्ल लाखमानशी आहे. पोथ्यांचा वंशवृक्ष मांडून त्यांच्या सामाईक पूर्वजापर्यंत पोचणे, ही पद्धती त्याच्या नावाशी जोडली गेली आहे. १८३१ मध्ये त्याने नव्या कराराची जी आवृत्ती काढली तिच्यात मूळ लेखकाचे शब्द हस्तगत केल्याचा दावा नव्हता. चौथ्या शतकात प्रचलित असलेली संहिता सिद्ध करणे एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. या पद्धतीचा धागा पुण्यापर्यंत येतो. बर्लिन येथे अध्ययन केलेल्या वि. सी. सुकथनकरांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन करताना या युरोपीय शास्त्राचा उपयोग केला, आणि त्याच्या मर्यादाही ओळखल्या. जिथे प्रती एकमेकींत मिसळत गेल्या आहेत, जिथे परंपरा मुळातच प्रवाही आहे, तिथे शुद्ध वंशवृक्ष काढता येत नाही, हे त्यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सविस्तर मांडले. त्यांनी वगळलेले श्लोक नाहीसे केले नाहीत. तारांकित करून पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात ठेवले. वाचकाला संपादकाशी असहमत होता यावे, अशी सोय त्या आवृत्तीच्या रचनेतच आहे.

दुसरी प्रवृत्ती पाठभेदांकडे विकृती म्हणून न पाहता संहितेच्या जीवनाचा पुरावा म्हणून पाहते. बर्नार सेर्किग्लिनी या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये मध्ययुगीन वाङ्मयाच्या संदर्भात पाठभेदांचे समर्थन करणारे एक छोटे परंतु प्रभावी पुस्तक लिहिले आणि छापील पानापेक्षा संगणकाचा पडदा या बहुविधतेला अधिक अनुकूल आहे, असे सुचविले. बायबलच्या क्षेत्रात बार्ट अर्मन यांनी १९९३ मध्ये, ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी चाललेल्या आरंभीच्या वादांचा परिणाम लेखनिकांच्या हातून संहितेवर कसा झाला, हे दाखविले. डेव्हिड पार्कर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात शुभवर्तमानांच्या ‘जिवंत संहिते’ची कल्पना मांडली. प्रभूची प्रार्थना किंवा घटस्फोटाविषयीची वचने यांचे एकच मूळ रूप शोधत बसण्यापेक्षा त्यांची अनेक रूपे आद्य समाजांनी कशी जपली आणि वापरली हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे, असा त्यांचा आग्रह होता.

या दुसऱ्या प्रवृत्तीच्या दृष्टीने संगणकीय आवृत्ती म्हणजे सिद्धान्ताची परिपूर्तीच होती. छापील पानावर एक संहिता वर आणि उरलेल्या साऱ्या तळाशी, बारीक टंकात, सांकेतिक अक्षरांत कोंबलेल्या असतात. ही उतरंड पडद्यावर मोडून टाकता येईल, प्रत्येक पोथी स्वतःच्या अधिकाराने वाचकासमोर येईल, अशी अपेक्षा होती. ती कितपत पूर्ण झाली?

३

जिथे ती बऱ्याच अंशी पूर्ण झाली असे उदाहरण म्हणजे ‘कोडेक्स सिनाइटिकस’. चौथ्या शतकात चर्मपत्रावर ग्रीकमध्ये लिहिलेली ही बायबलची पोथी आज चार ठिकाणी विखुरलेली आहे. १८४४ मध्ये कॉन्स्टान्टिन टिशेनडॉर्फने सिनाई येथील संत कॅथरिनच्या मठातून आणलेली ४३ पाने लाइपझिगला आहेत. १८५९ मध्ये सेंट पीटर्सबर्गकडे गेलेला मोठा भाग १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारकडून ब्रिटनने एक लाख पौंडांना विकत घेतला. ही ३४७ पाने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. काही तुकडे सेंट पीटर्सबर्गमध्येच राहिले, तर १९७५ मध्ये मठातच आणखी पाने आणि तुकडे सापडले. २००५ मध्ये या चारही संस्थांनी करार केला आणि २००९ मध्ये उपलब्ध पोथी महाजालावर एकत्र पाहता येऊ लागली.

या आवृत्तीत पानाचे छायाचित्र साध्या आणि तिरप्या अशा दोन प्रकाशांत पाहता येते. शेजारी बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेले प्रतिलेखन आहे. त्यातील शब्द निवडला की छायाचित्रातील तोच शब्द ठळक होतो. पोथीत वीस हजारांहून अधिक दुरुस्त्या आहेत आणि कोणती दुरुस्ती कोणत्या हाताची, याची नोंद प्रतिलेखनात आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील २२ : ४३-४४ ही वचने या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. अटकेपूर्वीच्या प्रार्थनेच्या वेळी देवदूताने येशूला धीर दिला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला, असे त्यांत म्हटले आहे. सिनाइटिकसच्या मूळ लेखनिकाने ही वचने लिहिली. नंतरच्या एका दुरुस्तीकाराने ती रद्द करण्यासाठी खुणा केल्या. त्याच्याही नंतरच्या हाताने ती पुन्हा ग्राह्य ठरविली. छापील आवृत्तीच्या तळटीपेत हे सारे तीन-चार चिन्हांत आटोपते. पडद्यावर मात्र एकाच पानावर तीन निर्णय एकमेकांवर साचलेले दिसतात. यातनांनी व्याकूळ होणारा ख्रिस्त स्वीकारायचा की नाही, हा वाद ग्रंथांत चालला होता हे सर्वज्ञात आहे; येथे तो शाईच्या ठिपक्यांत दिसतो. मार्कचे शुभवर्तमान या पोथीत १६ : ८ ला, स्त्रिया कबरीपासून भयभीत होऊन पळाल्या या वाक्यावर संपते, हेही विद्यार्थी पुस्तकातून वाचत आलेला असतो. तो रिकामा राहिलेला स्तंभ प्रत्यक्ष पाहणे हा निराळ्या कोटीचा अनुभव आहे.

पार्कर यांनी या प्रकल्पाच्या प्रतिलेखनाचे नेतृत्व केले, ही बाब येथे अर्थपूर्ण आहे. जिवंत संहितेचा सिद्धान्त मांडणाऱ्याच्याच देखरेखीखाली संहितेचे जिवंतपण दाखविणारी आवृत्ती तयार झाली. मात्र येथेही संपादक नाहीसा झालेला नाही. कोणता ठिपका हेतुपुरस्सर आणि कोणता शाईचा डाग, कोणती दुरुस्ती पहिल्या हाताची आणि कोणती दुसऱ्या, हे कोणीतरी ठरविलेले आहे. चार ठिकाणची पाने एका क्रमाने पडद्यावर लागणे हीदेखील संपादकीय कृती आहे. चर्मपत्र आजही विखुरलेलेच आहे. पोथी मठातून कशी गेली, हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. संकेतस्थळावर दिलेला तिचा इतिहास चारही संस्थांच्या संमतीने सिद्ध केलेला आहे आणि तसे तेथे नमूदही केलेले आहे. म्हणजे इतिहासाचीही एक संमत संहिता सिद्ध झाली. या आवृत्तीची थोरवी तिने संपादन टाळले यात नाही. ते तपासता येण्याजोगे ठेवले यात आहे.

४

एका पोथीची आवृत्ती सिद्ध करणे आणि साडेपाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांतून एक संहिता सिद्ध करणे, ही कामे सर्वस्वी भिन्न आहेत. दुसऱ्या कामाचे केंद्र जर्मनीतील म्युन्स्टर येथे आहे. कुर्ट आलांड यांनी १९५९ मध्ये तेथे स्थापन केलेल्या संस्थेतून नव्या कराराची बृहद् चिकित्सक आवृत्ती खंडशः प्रसिद्ध होत आहे. लाखमानच्या पद्धतीसमोर आणि सुकथनकरांसमोर जी अडचण होती तीच येथेही आहे : प्रतींचा संकर. एका प्रतीवरून दुसरी उतरताना लेखनिकाने तिसरीही समोर ठेवली असेल, तर वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंतून जातात. गेर्ड मिंक यांनी यावर संगतीवर आधारलेली एक वंशावळी पद्धती विकसित केली. तिच्यात वंशसंबंध लावला जातो तो हस्तलिखित या वस्तूचा नव्हे, तर त्यातील संहितेचा. प्रथम प्रत्येक दोन साक्षींमध्ये किती ठिकाणी एकमत आहे याची मोजणी संगणक करतो. मग प्रत्येक पाठभेदाच्या जागी कोणता पाठ आधीचा आणि कोणता त्यावरून आलेला, हे संपादक ठरवितो. या शेकडो स्थानिक निर्णयांची बेरीज करून कोणती संहिता कोणत्या संहितेची संभाव्य पूर्वज, हे संगणक दाखवितो. त्या प्रकाशात संपादक आपले निर्णय पुन्हा तपासतो. हाती येणाऱ्या संहितेला म्युन्स्टरचे अभ्यासक ‘मूळ’ म्हणत नाहीत. उपलब्ध परंपरेची ‘आरंभ-संहिता’ म्हणतात.

या पद्धतीविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. संगणकाने पाठ ठरविले, सबब ते वस्तुनिष्ठ आहेत, असा तो समज आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील ३ : १० हे वचन त्याचे निरसन करण्यास पुरेसे आहे. प्रभूच्या दिवशी पृथ्वी आणि तिच्यावरील कामे यांचे काय होईल? सिनाइटिकस आणि व्हॅटिकानुस या चौथ्या शतकातील दोन्ही पोथ्यांत ‘सापडतील’ असे क्रियापद आहे. अलेक्झांड्रिनुस या पाचव्या शतकातील पोथीत ‘जळून जातील’ असे आहे. बृहद् आवृत्तीने आणि तिला अनुसरून २०१२ च्या अठ्ठाविसाव्या नेस्ले-आलांड आवृत्तीने स्वीकारलेला पाठ मात्र ‘सापडणार नाहीत’ असा आहे. हा नकार एकाही ज्ञात ग्रीक हस्तलिखितात नाही. त्याला आधार आहे तो कॉप्टिक आणि सिरियाक भाषांतरांचा. संपादकांच्या मते उरलेले पाठ कसे निर्माण झाले याचा उलगडा याच पाठाने होतो. हे मत ग्राह्य की अग्राह्य, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. परंतु हा मानवी निर्णय आहे यात संशय नाही. ग्रीक साक्षींच्या कोणत्याही मोजणीतून तो निष्पन्न होऊ शकत नाही. त्याचा परिणामही लहान नाही. सृष्टीचा समूळ नाश होणार की न्यायासाठी सारे उघडे पडणार, हा प्रश्न एका ‘न’कारावर अवलंबून आहे.

म्युन्स्टरच्या संस्थेने हस्तलिखितांची छायाचित्रे, प्रतिलेखने आणि वंशावळीचे तपशील तपासण्याची साधने महाजालावर खुली केली आहेत. ज्याला पद्धती अवगत आहे तो संपादकाच्या निर्णयाची पावले मागे मागे तपासू शकतो. छापील आवृत्तीत निर्णय न झालेल्या जागाही विशिष्ट चिन्हाने दाखविलेल्या आहेत. परंतु सामान्य विद्यार्थ्याच्या हाती जे पडते ते हे नव्हे. नेस्ले-आलांडची संहिता जर्मन बायबल सोसायटीने महाजालावर वाचनासाठी विनामूल्य ठेवली. पाठभेदांच्या नोंदी मात्र विकतच्या आवृत्तीत राहिल्या. म्हणजे निर्णय मोफत आणि निर्णयाची कारणे सशुल्क, अशी वाटणी झाली. वरील वचनात ‘सापडणार नाहीत’ असे वाचणाऱ्याला, ग्रीक पोथ्यांत ‘नाहीत’ नाही, हे कळण्याचा मार्ग त्या पानावर नसतो.

२०१० मध्ये मायकेल होम्स यांनी संपादित केलेली सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरची ग्रीक आवृत्ती विनामूल्य प्रसिद्ध झाली. तिच्यात पाठनोंदी आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्या नोंदी हस्तलिखितांच्या नाहीत. वेस्टकॉट आणि हॉर्ट, ट्रेगेलिस यांसारख्या पूर्वीच्या छापील आवृत्त्यांशी कुठे मतभेद आहे, एवढेच त्यांतून कळते. कोणत्या पोथीत काय आहे हे न सांगता कोणत्या संपादकाने काय स्वीकारले हे सांगणारी ही आवृत्ती अभ्यासकांना अपुरी वाटली, तर त्यात नवल नाही. तरीही तिचा एक गुण मान्य करावा लागतो. आपल्यासमोरची संहिता माणसांच्या निवडीतून आलेली आहे आणि माणसांत मतभेद आहेत, हे ती लपवीत नाही.

५

नव्या कराराबाहेरच्या आद्य ख्रिस्ती वाङ्मयाकडे वळले असता संपादकाचे अदृश्य होणे अधिक गंभीर रूप धारण करते. चर्चपूर्वसूरींच्या लेखनाची जी इंग्रजी भाषांतरे महाजालावर विनामूल्य आढळतात, त्यांतील फार मोठा भाग एकोणिसाव्या शतकातील आहे. एडिंबरो येथे १८६७ पासून प्रसिद्ध झालेली आणि पुढे अमेरिकेत पुनर्मुद्रित झालेली निकियापूर्व लेखकांची मालिका हे त्याचे ठळक उदाहरण. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘ख्रिश्चन क्लासिक्स इथेरियल लायब्ररी’सारख्या उपक्रमांनी हे साहित्य सर्वांपर्यंत पोचविले, आणि त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या मालिकेचा एकही खंड कधी आला नसता, तेथील विद्यार्थी आज इरेनेयस आणि तर्तुलियन वाचू शकतो.

पण तो काय वाचतो? अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटचा ‘स्ट्रोमातेइस’ हा ग्रंथ घ्यावा. त्याचे तिसरे प्रकरण विवाह, ब्रह्मचर्य आणि देह यांविषयी आहे. कार्पोक्रातेसच्या अनुयायांसारख्या स्वैर पंथांचा आणि विवाहच त्याज्य मानणाऱ्यांचा असा दोन्ही टोकांचा समाचार क्लेमेंट तेथे घेतो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती समाज देहाकडे कसा पाहत होता, हे समजण्यासाठी हे प्रकरण अपरिहार्य आहे. या मालिकेत ते इंग्रजीत नाही. व्हिक्टोरियन काळाच्या संकोचामुळे ते लॅटिनमध्ये छापले गेले : विद्वानाने वाचावे, सामान्याने पुढे जावे. १९५४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. तथापि जुनी मालिका मुक्त असल्याने पडद्यावर तीच अवतरली, आणि तिच्याबरोबर तो संकोचही. एकविसाव्या शतकातील विद्यार्थ्याला इंग्रजी वाचता वाचता अकस्मात लॅटिनची भिंत लागते, आणि ती कोणी, केव्हा, कशासाठी उभारली हे त्याला कोणी सांगत नाही.

लॅटिनची भिंत निदान दिसते तरी. न दिसणारी अडचण याहून मोठी आहे. ही भाषांतरे झाली तेव्हा इजिप्तमधील नाग हम्मादीचे कॉप्टिक ग्रंथ सापडलेले नव्हते. ते १९४५ मध्ये सापडले. तोपर्यंत ज्ञानमार्गी पंथांविषयीची माहिती मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखनातून मिळत असे. जुन्या खंडांतील टीपा आणि प्रस्तावना याच मर्यादेत लिहिलेल्या आहेत. छापील पुस्तकाचा जीर्ण कागद, जुना टंक, शीर्षकपानावरील साल या गोष्टी वाचकाला त्याच्या काळाची सूचना देत. पडद्यावर सर्वच अक्षरे ताजी दिसतात. स्वामित्वहक्काची मुदत ही कायद्याची बाब, पण या मार्गाने ती अभ्यासाचा क्रम ठरवू लागली आहे : जे मुक्त ते प्रचलित, आणि जे प्रचलित ते प्रमाण. प्रमाण-ग्रंथ कोणते हे ठरविण्याचा जो अधिकार एके काळी धर्मसभांनी आणि पुढे विद्यापीठांनी बजावला, तो आता अंशतः मुदतीच्या हिशोबाकडे गेला आहे.

६

या साऱ्याचा एक विलक्षण प्रत्यय २०१२ मध्ये आला. त्या वर्षी सप्टेंबरात रोम येथील कॉप्टिक अध्ययनाच्या परिषदेत हार्वर्डच्या केरन किंग यांनी पपायरसचा एक छोटा तुकडा विद्वानांसमोर ठेवला. त्यावरील तुटक कॉप्टिक ओळींत येशूच्या तोंडी पत्नीचा उल्लेख होता. जगभर त्याची बातमी झाली. डरहॅमच्या फ्रान्सिस वॉटसन यांनी काही दिवसांतच दाखवून दिले, की तुकड्यातील बहुतेक शब्दसमूह ‘थॉमसच्या शुभवर्तमाना’तून उचलून जोडलेले आहेत. त्यापुढचा शोध अधिक सूक्ष्म होता. महाजालावर थॉमसच्या शुभवर्तमानाची कॉप्टिक ओळीखाली इंग्रजी अर्थ देणारी एक प्रत उपलब्ध होती. त्या प्रतीत एका ठिकाणी कर्मवाचक एक अक्षर टंकलेखनात गळले होते. पपायरसच्या पहिल्या ओळीत तेच अक्षर, त्याच जागी गळलेले होते.

पपायरस स्वतः जुना असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक आणि कालमापनाच्या चाचण्यांत आढळले. परंतु जुन्या कोऱ्या तुकड्यावर नवे लिहिता येते. त्याच वर्षी ख्रिश्चन ॲस्कलंड यांनी, याच संग्रहातून आलेल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या एका तुकड्यातील ओळी, हर्बर्ट टॉमसन यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीतील ओळी जिथे तुटतात तिथेच तुटतात, हे सिद्ध केले. २०१६ मध्ये तुकड्याच्या पूर्वेतिहासाचा शोध घेणारा एरियल सबार यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाल्यावर किंग यांनीही तो बनावट असण्याची शक्यता अधिक असल्याचे मान्य केले.

या प्रकरणाकडे केवळ लबाडीची कथा म्हणून पाहणे पुरेसे नाही. पाठचिकित्सेचा एक मूलभूत नियम असा, की दोन प्रतींत समान असलेला शुद्ध पाठ काही सिद्ध करीत नाही. समान असलेली चूक त्यांचे नाते सिद्ध करते. लाखमानच्या परंपरेचा सारा डोलारा या नियमावर उभा आहे. बनावट लेखकाने संगणकीय प्रत वापरली ती तिला पारदर्शक समजून. त्याच्या दृष्टीने ती ‘थॉमसचे शुभवर्तमान’ होती. एका विशिष्ट माणसाने, एका विशिष्ट दिवशी टंकलिखित केलेली प्रत नव्हती. ज्यांनी ती प्रत म्हणून पाहिली त्यांना ती सापडली. पडद्यावरची संहितादेखील एक हस्तलिखितच असते, तिलाही लेखनिक असतो आणि त्याचाही हात चुकतो, हे एका गळालेल्या अक्षराने दाखवून दिले. अभ्यासकांनी हे ओळखले तेही त्याच साधनांच्या साह्याने, ही गोष्ट या साधनांच्या बाजूने नोंदविली पाहिजे.

७

या उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की संगणकीय माध्यम स्वभावतःच बहुविधतेला अनुकूल आहे, हे सेर्किग्लिनी यांच्या काळातील अनुमान अर्धेच खरे ठरले. सिनाइटिकसच्या आवृत्तीत पाठभेद जिवंत होतात. सहज हाती येणाऱ्या सुट्या संहितेत ते समूळ नाहीसे होतात. माध्यम एकच असले तरी त्यामागील संपादकीय नीती भिन्न आहे. दुसरा असा, की पाठनोंदींविना वाचली जाणारी संहिता नकळत पवित्र होते. छापील युगात ‘सर्वस्वीकृत’ म्हणविली जाणारी ग्रीक संहिता मोडून काढण्यासाठी विद्वानांना अडीचशे वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. वेस्टकॉट आणि हॉर्ट यांची १८८१ ची आवृत्ती हा त्या झगड्याचा एक टप्पा होता. पडद्यावरील सुटी, निःशंक, साल नसलेली संहिता हा झगडा मागे नेते. येथे धर्मश्रद्धेचा प्रश्न नाही. श्रद्धावान वाचकालाही आपला ग्रंथ कोणत्या वाटेने आला हे जाणण्याचा अधिकार आहे. आणि श्रद्धा नसलेला वाचक सुट्या संहितेवर विसंबतो तेव्हा तोही एका अर्थी श्रद्धेनेच वाचत असतो.

तिसरा निष्कर्ष टिकाऊपणाविषयी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या डिजिटल हस्तलिखितांचा मोठा साठा वाचकांना दीर्घकाळ अनुपलब्ध राहिला. पोथ्या सुरक्षित होत्या. त्यांच्याकडे जाणारी नवी वाट बंद झाली. दूरच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तेवढ्याने ग्रंथालयच नाहीसे झाले. ज्या देशांत मूळ पोथ्याही नाहीत आणि महागड्या छापील आवृत्त्याही नाहीत, तेथे हे अवलंबन सर्वांत अधिक आहे.

म्हणून या साधनांचा वापर करणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वप्रथम शिकवायचे ते यंत्र चालविणे नव्हे. कोणती संहिता, कोणाची, कोणत्या सालची, कोणत्या साक्षींवर आधारलेली, काय वगळलेली, हे प्रश्न विचारण्याची सवय त्याला लावली पाहिजे. आणि उद्धृत करताना संकेतस्थळाचे नाव पुरेसे न मानता संपादक, आवृत्ती आणि पोथीचे पान यांची नोंद करण्याचा आग्रह धरला पाहिजे. मराठी अभ्यासकाला हे प्रश्न परके नाहीत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील तारांकित श्लोक ज्याने एकदा तरी तपासले आहेत त्याला वगळलेल्या मजकुराचे मोल ठाऊक असते. एकनाथांनीही आपण ग्रंथ शुद्ध केला हे लपविले नाही. आपले नाव, साल आणि कृती यांची नोंद त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस ठेवली. इरॅस्मसने जोडलेल्या ओळींवर पडद्यावरच्या वाचकासाठी अशी नोंद नसते. ती शोधून त्या ओळींपाशी ठेवणे, हे बायबलच्या संगणकीय संहितांबाबत समीक्षेचे पहिले कर्तव्य होय.